एका ध्वनिमुद्रिकेचे पाठभेद

जुन्या ग्रंथांना पाठभेद असतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. नकलाकाराच्या हातून कोठे अक्षर गळते, कोठे ओळ पुढेमागे होते. आणि मग मूळ पाठ कोणता हे ठरविण्यासाठी अनेक पोथ्या शेजारी-शेजारी मांडून ताडून पाहाव्या लागतात. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती याच कारणाने. परंतु यंत्राने मुद्रित केलेल्या गाण्याबजावण्यालाही पाठभेद असू शकतात, असे कोणी म्हटले तर ते आपणांस चटकन पटणार नाही. माणसाला डुलकी लागते, यंत्राला लागत नाही, असा आपला समज! हा समज किती भाबडा आहे, हे अमेरिकेतील एका नामांकित ध्वनिमुद्रिकेच्या कहाणीवरून ध्यानात येते.

ती ध्वनिमुद्रिका म्हणजे माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकाची ‘काइंड ऑफ ब्लू’. कोलंबिया कंपनीने ती १९५९ च्या ऑगस्ट महिन्यात प्रसिद्ध केली. जाझ हे अमेरिकेतील निग्रो समाजाच्या सुखदुःखांतून जन्मलेले संगीत. आपल्याकडेही ते अगदीच अपरिचित नव्हते. गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतून ते अनेक वर्षे वाजविले. या ध्वनिमुद्रिकेत डेव्हिसच्या साथीला जॉन कोल्ट्रेन व कॅननबॉल ॲडर्ली हे दोन सॅक्सोफोनवादक, बिल इव्हान्स हा पियानोवादक, पॉल चेंबर्स हा बासवादक आणि जिमी कॉब हा तालवादक होता. एका रचनेपुरता विंटन केली पियानोवर बसला होता.

हिची थोरवी कशात आहे? त्या काळच्या जाझमध्ये स्वरसंघात इतक्या झपाट्याने बदलत की, वादकाला त्यांच्यामागे धावावे लागे. डेव्हिसने ही धावपळ थांबविली. एकच सप्तक घ्यावे आणि त्यात मनसोक्त विहार करावा, असा मार्ग त्याने धरला. ‘सो व्हॉट’ या पहिल्याच रचनेत सोळा आवर्तने एक सप्तक, पुढील आठ आवर्तने तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर चढवून, आणि अखेरची आठ पुन्हा मूळच्या जागी, एवढीच मांडणी आहे. त्या सप्तकाला पाश्चात्य लोक ‘डोरियन’ म्हणतात. त्यात गंधार व निषाद कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. म्हणजे आपला काफी थाटच तो! अर्थात् थाट जुळला म्हणून राग जुळला असे होत नाही. परंतु आपल्या कानाला हे वादन फारसे परके वाटत नाही, याचे एक कारण हे असावे.

आता मुद्द्याकडे वळू. या रचनांचे मुद्रण न्यूयॉर्कमध्ये, पूर्वी चर्च असलेल्या एका इमारतीतील स्टुडिओत दोन दिवशी झाले. २ मार्च १९५९ रोजी तीन रचना झाल्या. त्या तबकडीच्या पहिल्या बाजूस आल्या. २२ एप्रिल रोजी दोन झाल्या. त्या दुसऱ्या बाजूस. वादन प्रथम चुंबकीय फितीवर घेतले जाई. पहिल्या दिवशी ज्या मुख्य यंत्रावर फीत फिरत होती, ते यंत्र किंचित मंद चालत होते आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही.

यंत्र मंद चालले तर वादनही मंद ऐकू येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः घडते ते उलट. समजा, फीत सेकंदाला १५ इंच सरकावयास हवी, पण ती १४.७५ इंचच सरकली. म्हणजे एका मिनिटाचे वादन ९०० इंचांऐवजी ८८५ इंच फितीवर सामावले. पुढे तीच फीत बिनचूक यंत्रावर १५ इंचांच्या वेगाने चालविली की, त्या ८८५ इंचांस ५९ सेकंदच लागतात. मिनिटभराचे वादन एक सेकंद आधीच संपते. आणि स्वरही त्याच प्रमाणात चढतो. सेकंदाला ४४० कंपने असलेला स्वर सुमारे ४४७ कंपनांचा होतो. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु दोष याच जातीचा होता. पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत जे अंतर, त्याचा एक लहानसा अंश एवढीच ही चढ. नुसते ऐकणाऱ्यास ती कळत नाही. पण वाद्य घेऊन साथ करू पाहणाऱ्यास ती छळते.

अशा फितीवरून मऊ लेपाच्या चकतीवर चर कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा घेतात. त्यापासून सुलटा, आणि त्यापासून पुन्हा उलटे ठसे तयार करून त्यांनी तबकड्या दाबतात. ठसा झिजला की नवा घेतात. म्हणून एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रतींत खरखर, खोली व उठाव यांचा फरक पडतो. पण मुळातच शिरलेली चूक मात्र कितीही नवे ठसे घेतले तरी जात नाही. ती प्रत्येक प्रतीत इमानाने उतरते.

माझ्या एका स्नेह्यापाशी हिची जुनी प्रत आहे, आणि मजजवळ अलीकडची. एका रविवारी आम्ही दोन्ही प्रती व नादकाट्याशी जुळवून घेतलेली एक पेटी घेऊन बसलो. जुन्या प्रतीची पहिली बाजू लावून पेटीवर षड्ज धरला, तो काही केल्या मिळेना. स्नेही म्हणाले, “अहो, माझे यंत्रच जलद फिरत असेल.” शंका रास्त होती. म्हणून तीच तबकडी उलटून दुसरी बाजू लावली. स्वर पेटीशी तंतोतंत मिळाला! यंत्राचा दोष असता तर दोन्ही बाजू बिघडल्या असत्या. मग नवी प्रत लावली. तिच्या दोन्ही बाजू पेटीशी जुळल्या. चूक कोठे आहे, हे आम्हांस पुस्तक न उघडता कळले.

ही दुरुस्ती झाली कशी? त्या दिवशी दुसऱ्या एका यंत्रावर राखीव म्हणून जादा फीत घेतली जात होती, आणि ते यंत्र योग्य वेगाने चालत होते. ती फीत तीन दशके कपाटात पडून राहिली. अखेर १९९२ च्या आवृत्तीत तिचा उपयोग झाला आणि पहिली बाजू मूळ स्वरात ऐकू आली. मधल्या तेहतीस वर्षांत जगभरच्या किती होतकरू वादकांनी ही तबकडी लावून रियाझ केला असेल! ट्रंपेट थोडा चढवून घेता येतो, पियानोवाल्याने काय करावे? आपलाच कान कच्चा, असे ज्यांनी मनाशी ठरविले असेल, त्यांचा कान खरा होता. खोटी होती ती प्रमाण मानलेली प्रत.

आणखी एक पाठभेद गमतीचा आहे. आरंभीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावे उलट क्रमाने छापली गेली. त्यामुळे कित्येकांनी ‘ऑल ब्लूज’ ऐकून तिलाच ‘फ्लॅमेंको स्केचेस’ म्हटले असेल!

मग जुन्या प्रती टाकून द्याव्यात काय? मुळीच नाही. ज्या प्रतीवर दोन पिढ्यांनी प्रेम केले, ती इतिहासाचा भाग होय. तिच्यातील चढा, लखलखीत स्वर आजही कित्येकांना प्रिय आहे. परंतु त्या दिवशी वादकांनी काय वाजविले, हा प्रश्न निराळा. त्या सात वादकांपैकी अखेरचा, जिमी कॉब, २०२० मध्ये निवर्तला. आता विचारावयास कोणी उरले नाही. उरली आहे ती एक जादा फीत. ती कोणी निष्काळजीपणे पुसून टाकली असती, तर शुद्ध पाठ कायमचा हरपला असता.

विद्यार्थिमित्रांनो, छापलेले ते खरेच, असे धरून चालू नका. दोन प्रती ताडून पाहा, तिसऱ्या साक्षीदारास विचारा, आणि आपला कान सहजासहजी खोटा मानू नका. आणि कोणतेही महत्त्वाचे काम करताना त्याची एक प्रत बाजूस जपून ठेवा. तिची किंमत तीस वर्षांनी कळेल.