वाद्य उसने द्यावे, पण हिशेबाने

तुळशीची लग्ने आटोपली की येवल्यातून बाहेरगावी जाणाऱ्या वाद्यवृंदांच्या गाड्यांची वर्दळ वाढते. मनमाड, कोपरगाव, वैजापूर, लासलगाव अशा चारही दिशांना रस्ते फुटणारे हे गाव. संध्याकाळी निघालेली गाडी हळदीचा किंवा स्वागत समारंभाचा कार्यक्रम करून पहाटे परत येते. ढोलकी, ऑक्टोपॅड, की-बोर्ड, बँजो यांच्या जोडीला आता अनेक ताफ्यांत बेस गिटारही दिसते. चार जाड तारांच्या या वाद्याकडे श्रोत्यांचे सहसा लक्ष जात नाही. ते मध्येच बंद पडले की मात्र गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते आणि नेमके काय हरवले हे कोणालाच सांगता येत नाही.

अशा वेळी वादकापुढे दोनच मार्ग उरतात. एक, बरोबर आणलेले जोडीचे वाद्य काढणे. दुसरा, कोणाकडून तरी उसने घेणे. दोन्ही मार्ग वरवर सोपे दिसत असले तरी त्यामागे पैशाचा, सुरक्षिततेचा आणि मैत्रीचाही हिशेब असतो.

मुहूर्ताची अडचण

येवल्याची ओळख पैठणीने झालेली आहे. पैठणी विणणाऱ्या कारागिराचा माग घरातच असतो. तो कोणी एका रात्रीपुरता मागायला येत नाही. वादकाचे साधन मात्र रोज घराबाहेर पडते, अनोळखी मंडपात उभे राहते, टेम्पोच्या हौद्यात आदळत परत येते. पोटापाण्याचे साधनच असे फिरते असल्याने त्याची मोडतोड, चोरी आणि उसनवारी हे तिन्ही प्रश्न वादकाच्या पाचवीला पुजलेले आहेत.

त्यात उसनवारीची एक मूळ अडचण आहे. लग्नाचा दाट मुहूर्त असला की परिसरातील सगळेच ताफे कार्यक्रमात गुंतलेले असतात. नवरात्रात कोटमगावच्या जगदंबेची यात्रा भरते. १३ ऑक्टोबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये येवल्यात केलेल्या धर्मांतराच्या घोषणेचे स्मरण करण्यासाठी मुक्तिभूमीवर लोक जमतात. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्यांनी रुजवलेली भीमगीतांची परंपरा नाशिक जिल्ह्यात आजही जोमात आहे. संक्रांतीच्या पतंगोत्सवात तर गच्चीगच्चीवर वाद्ये वाजतात. म्हणजेच ज्या दिवशी वाद्य उसने लागण्याचा संभव सर्वांत जास्त, त्याच दिवशी ते मिळण्याचा संभव सर्वांत कमी. नाशिक येथून सुमारे ८५ किलोमीटर दूर. रात्री नऊ वाजता तार तुटली तर तेथील दुकानाचा काहीच उपयोग नाही. त्यामुळे उसनवारी हा अडचणीतला शेवटचा उपाय ठरतो. रोजची व्यवस्था म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही.

जुन्या साथीदारांची रीत

जोडीचे वाद्य नेण्याची पद्धत काही बेस गिटारबरोबर आलेली नाही. तबलजी वेगवेगळ्या पट्ट्यांची दोन-तीन दायी आणि हातोडी बरोबर ठेवतो, कारण गायकाची पट्टी ऐनवेळी बदलू शकते. ढोलकीवादकाकडे एकाहून अधिक ढोलक्या असतात. थंडीच्या रात्री दवाने चामडे सैल पडते, सूर उतरतो आणि पान फुटले तर ते तेथल्या तेथे बदलता येत नाही. या मंडळींनी हा धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरवलेला आहे.

बेस गिटार त्या मानाने नवी. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि उभ्या, अवजड डबल बेसचे काम खांद्याला अडकवता येईल अशा वाद्यावर होऊ लागले. हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी तिला ठसठशीत स्थान मिळवून दिले आणि तेथून ती वाद्यवृंदांत उतरली.

आधी काय बिघडते?

जोडीचे सामान म्हणताच दुसरी गिटार डोळ्यांपुढे येते. वास्तविक बेसच्या तारा जाड असल्याने क्वचितच तुटतात आणि लाकूड तर सहसा दगा देत नाही. आधी बिघडते ती जोडणारी वायर. तिच्या टोकाच्या जॅकमधील झाळ निखळते आणि आवाज खरखरतो किंवा जातो. त्यानंतर क्रमांक लागतो तो बॅटरीचा. ज्या गिटारमध्ये ध्वनी वाढवणारे सर्किट असते तिला ९ व्होल्टची बॅटरी लागते. ही बॅटरी उतरली की बहुतेक गिटार मुक्या होतात. कार्यक्रम संपल्यावर वायर गिटारलाच लावून ठेवली तर बॅटरी खर्च होत राहते, हे अनेकांना ऐन कार्यक्रमात कळते.

म्हणून काय न्यावे हे ठरवताना तीन प्रश्न उपयोगी पडतात. ही वस्तू बिघडण्याचा संभव किती? ती बिघडल्यास कार्यक्रम थांबेल काय? आणि निवेदकाचे दोन गाण्यांमधील बोलणे संपेपर्यंत ती बदलता येईल काय? या कसोटीवर पाहिले तर सर्वांत स्वस्त वस्तूच सर्वांत महत्त्वाच्या ठरतात. दोन जादा वायरी, नवी बॅटरी, अॅम्प्लिफायरचा योग्य क्षमतेचा फ्यूज, जादा पट्टा, लहान स्क्रू-ड्रायव्हर, अॅलन चाव्या, चिकटपट्टी, टॉर्च आणि विजेचा टेस्टर, एवढा ऐवज एका छोट्या पिशवीत मावतो. तारांचा जादा संच ठेवताना वापरलेला पण चांगल्या स्थितीतला ठेवावा. कोऱ्या तारा ताणल्या जात राहतात आणि पहिली काही गाणी सूर उतरत राहतो. वापरलेल्या तारा लवकर स्थिरावतात.

अॅम्प्लिफायर बंद पडल्यास दुसरा वाहून आणण्याची गरज नाही. 'डी. आय. बॉक्स' नावाची तळहाताएवढी पेटी असली की गिटारचा आवाज थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरमध्ये देता येतो. गिटारच निकामी झाली तर की-बोर्डवादक डाव्या हाताने बेसच्या जागा भरू शकतो. मात्र याचा सराव दोघांनी आधी केलेला असावा. दुसरी गिटार नेणे हा या यादीतील शेवटचा टप्पा आहे. ती महाग असावी असे नाही, पण महिन्यातून एकदा तरी वाजवून पाहिलेली असावी. चैत्र-वैशाखातील कोरडी उष्णता आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे मानेचे लाकूड किंचित वाकते आणि वर्षभर खोळीत पडलेली गिटार ऐनवेळी बेसूर निघते. पडून राहिलेल्या वाद्यावर विसंबता येत नाही.

जिवाशी गाठ

या पिशवीतील टेस्टर मात्र सुरांसाठी नसून जिवासाठी असतो. गिटारच्या धातूच्या तारा वायरमार्गे अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपातील वायरिंग सदोष असेल, जनरेटरला अर्थिंग नसेल आणि मायक्रोफोनच्या जाळीत वीज उतरलेली असेल, तर तारांवर हात आणि ओठ मायक्रोफोनला, अशा स्थितीत वीज वादकाच्या शरीरातून वाहते. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश ताफ्याचे गिटारवादक लेस हार्वे यांचा मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावरच असा मृत्यू झाला होता.

कार्यक्रमापूर्वी साऊंडवाल्याकडून अर्थिंगची खात्री करून घेणे, मायक्रोफोनच्या जाळीला हात लावण्याआधी टेस्टरने तपासणे, त्यावर फोमचे आवरण घालणे आणि शक्य तेथे ३० मिलिअॅम्पिअरला तुटणारा संरक्षक स्विच वापरणे ही साधी खबरदारी आहे. आवाजातील गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. ती प्राणघातक आहे. गुणगुण डी. आय. बॉक्सवरील स्विचने घालवावी, प्लगला हात लावू नये. उसने घेतलेल्या अॅम्प्लिफायरचा प्लग तर आवर्जून पाहावा, कारण तो कोणी कापला असेल याची कल्पना देणाऱ्यालाही नसते.

कायदा काय सांगतो

पुस्तक आणि लेखणी परक्या हाती गेली की गेलीच, अशा अर्थाचे जुने सुभाषित आहे. वाद्याच्या बाबतीत कायदा एवढा निराश नाही. मोबदला न घेता वस्तू वापरायला देणे हा भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार 'बेलमेंट'चा एक प्रकार आहे आणि त्याचे नियम कलम १४८ पासून पुढे दिलेले आहेत. मित्रामित्रांत कागद झाला नाही तरी ते लागू होतात.

कलम १५० नुसार वस्तूतील जो दोष देणाऱ्याला ठाऊक आहे आणि ज्यामुळे वापरात अडथळा किंवा धोका संभवतो, तो त्याने सांगितलाच पाहिजे. भाड्याने दिली असेल तर जबाबदारी अधिक कडक. दोष ठाऊक नव्हता ही सबब चालत नाही. कलम १५१ नुसार घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची असते. तेवढी घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसल्यास कलम १५२ नुसार तो जबाबदार ठरत नाही. नेमकी हीच बाब देणाऱ्यांना माहीत नसते. 'काही झाले तर भरून देशील', एवढे एक वाक्य आधी स्पष्ट बोलून घेणे किंवा मोबाईलवरील संदेशात लिहून ठेवणे त्यासाठीच आवश्यक आहे.

कलम १५४ अधिक बोलके आहे. ठरल्याहून वेगळा वापर केला आणि त्या काळात नुकसान झाले, तर घेणारा भरपाईस बांधील असतो. कायद्यातच घोड्याचे उदाहरण दिले आहे: एकाने फक्त स्वतः बसण्यासाठी घोडा मागून नेला, घरातील दुसऱ्याला बसू दिला, त्याने जपून हाकला तरी घोडा पडून जखमी झाला. भरपाई मागून नेणाऱ्यानेच द्यायची. घोड्याच्या जागी गिटार ठेवली की उसने वाद्य तिसऱ्याच्या हाती का देऊ नये हे ध्यानात येते. मुदत संपल्यावर मागणीची वाट न पाहता वस्तू परत करावी, असे कलम १६० सांगते. आणि परत न केल्यास त्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी कलम १६१ घेणाऱ्यावर टाकते.

देताना, घेताना

कायद्याची वेळ येऊ नये हेच इष्ट. त्यासाठी देणाऱ्याने वाद्याची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, अनुक्रमांक टिपून ठेवावा आणि परत करण्याचा दिवस ठरवावा. आपली उपजीविका ज्या वाद्यावर आहे ते सहसा देऊ नये. द्यायचेच तर जोडीचे द्यावे. लहान गिटार-अॅम्प्लिफायर बेससाठी देताना विशेष सावध राहावे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते. मोठ्या आवाजात एवढ्या खालच्या सुरांनी लहान स्पीकरचा पडदा फाटू शकतो. मागणारा नाही म्हणता येण्याजोगा नसेल, तर वाद्याऐवजी वायर, बॅटरी किंवा डी. आय. बॉक्स देऊन काम भागते काय हे आधी पाहावे. पुष्कळदा भागते.

घेणाऱ्याने तारांची उंची, मानेचा ताण अशी मांडणी न विचारता बदलू नये. तार तुटली तर एक तार नव्हे, पूर्ण संच बसवून द्यावा. वाद्य पुसून, खोळीत घालून, स्वतः नेऊन द्यावे. 'गरज सरो, वैद्य मरो' ही वृत्ती या व्यवसायात फार काळ चालत नाही. ताफे मोजकेच असतात आणि बातमी लवकर पसरते.

उसने असो वा स्वतःचे, रात्री वाद्य गाडीत ठेवू नये. पॉल मॅकार्टनी यांची १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे घेतलेली हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमधील नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या गाडीतून चोरीला गेली. शोधमोहिमेनंतर ती सापडली, हॉफनर कंपनीने तिची ओळख पटवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती परत मिळाल्याचे जाहीर झाले. जगप्रसिद्ध वादकाच्या वाद्याला घरी यायला अर्धे शतक लागले. पहाटे चार वाजता येवल्यात पोहोचलेल्या आणि झोपेने डोळे जड झालेल्या वादकाने गाडीतील गिटार घरात नेण्याचा कंटाळा करण्यापूर्वी एवढे आठवावे.

जोडीच्या सामानाचा खरा लाभ कार्यक्रम निभावण्यापुरता नसतो. ज्याच्या पिशवीत जादा वायर आणि बॅटरी असते त्याला स्वतःला मागावे लागत नाही आणि दुसऱ्याला देताना हात आखडता घ्यावा लागत नाही. शेजारच्या गावातील वादकाची रात्र त्याच्या एका वायरीने सावरते आणि पुढच्या मुहूर्तावर त्याचीही कोणीतरी सावरतो. उसनवारी मैत्री तोडते, असे म्हणतात. ती हिशेबाने केली तर मैत्री जोडतेही.