स्वयंचलित मनगटी घड्याळ

स्वयंचलित मनगटी घड्याळ : हाताच्या नैसर्गिक हालचालींनी ज्याची मुख्य कमान आपोआप गुंडाळली जाते, असे यांत्रिक मनगटी घड्याळ. त्यास रोज चावी द्यावी लागत नाही व विद्युत् घटही लागत नाही. पोहणे, गिर्यारोहण, मैदानी खेळ वा अंगमेहनतीची कामे करताना वापरता यावे म्हणून ज्याचे कवच जाड पोलादी, जलरोधक व धक्के सोसणारे केलेले असते, त्यास क्रीडा घड्याळ म्हणतात. अशा घड्याळाची शक्ती ते वापरणाऱ्याच्या हातातून येते आणि त्याचा दणकटपणा वेळोवेळी राखावा लागतो. त्यामुळे त्याची उपयुक्तता वापरणाऱ्याची दिनचर्या व भोवतालचे हवामान यांवर बरीच अवलंबून असते. मुंबईतील गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांतील दमट हवा, मुसळधार पाऊस, समुद्रसान्निध्य व लोकलगाड्यांतील गर्दी यांमुळे हा संबंध तेथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

इतिहास : स्वित्झर्लंडमध्ये आब्राआम-ल्वी पेरले यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खिशात बाळगावयाचे स्वयंचलित घड्याळ तयार केले, असे सामान्यतः मानतात. परंतु खिशातील घड्याळास हालचाल पुरेशी मिळत नसल्याने या कल्पनेचा प्रसार झाला नाही. पहिल्या महायुद्धानंतर मनगटी घड्याळे रूढ झाली व जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजींनी १९२० नंतरच्या दशकात पहिले व्यापारी स्वयंचलित मनगटी घड्याळ सिद्ध केले. रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये जलरोधक कवच व १९३१ मध्ये पूर्ण वर्तुळात फिरणारे वजन प्रचारात आणले. १९३४ च्या सुमारास इन्काब्लॉक ही धक्काशोषक योजना आली. १९५३ च्या सुमारास पाणबुड्यांसाठी खास घड्याळे निघाली व आजच्या क्रीडा घड्याळाचे स्वरूप निश्चित झाले.

दणकट घड्याळांशी मुंबईचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे व्यवसाय सुरू करणाऱ्या वेस्ट एंड वॉच कंपनीची स्विस बनावटीची घड्याळे सैन्य व रेल्वे यांतील लोकांत प्रिय होती. त्यांपैकी एका मालिकेचे नावच ‘सोवार’ म्हणजे स्वार असे होते. हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोर येथे घड्याळांचा कारखाना काढला. पुढे तीत स्वयंचलित घड्याळेही बनू लागली व मध्यमवर्गीय घरांत लग्नकार्यातील भेट म्हणून ती मोठ्या हौसेने दिली जात. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

रचना व कार्य : घड्याळाच्या मागील बाजूस मध्यबिंदूभोवती फिरणारे अर्धवर्तुळाकार जड वजन असते. हात हलला की गुरुत्वाकर्षणाने ते फिरते व दातेरी चाकांच्या मालिकेमार्फत मुख्य कमान गुंडाळते. कमान पूर्ण भरल्यावर तिचे बाहेरील टोक डब्याच्या भिंतीवरून घसरते. म्हणून जास्त हालचालीने ती तुटत नाही. कमानीतील शक्ती तोलचक्रास मिळते. तोलचक्राच्या ठरावीक आंदोलनांनी काट्यांची गती नियंत्रित होते. पुष्कळ आधुनिक घड्याळांत दर तासास २८,८०० म्हणजे सेकंदास ८ ठोके पडतात. पूर्ण भरलेले घड्याळ न घालता सु. ४० तास चालते. काही नव्या घड्याळांत हा काळ ७० तासांपर्यंत असतो.

दिनचर्या व शक्ती : गिरणगावात वेळेचे नियमन एके काळी गिरणीच्या भोंग्याने होत असे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे असल्याने शहरात तिला दीर्घकाळ विरोध झाला. पाळीस उशीर म्हणजे मजुरीस खाट, त्यामुळे घड्याळ ही येथे केवळ शोभेची वस्तू नव्हती. साच्यावर काम करणाऱ्याचा हात दिवसभर हलत असे. अशा कामात स्वयंचलित घड्याळ सहज भरलेले राहते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या आणि परळ-लालबागच्या जमिनींवर कार्यालये उभी राहिली. संगणकापुढे बसणाऱ्याचा हात मेजावर टेकलेला असतो. त्यामुळे कमान अर्धवट भरते व घड्याळ रात्री काढून ठेवल्यावर लवकर थांबते. शनिवारी सायंकाळी सात वाजता काढलेले घड्याळ सोमवारी सकाळी आठ वाजता हाती घेतले, तर मध्ये ३७ तास गेलेले असतात. पूर्ण भरलेले घड्याळच एवढा काळ कसेबसे तग धरते. यावर सोपा उपाय म्हणजे चावीची सोय असल्यास सकाळी तिला वीस-तीस वेढे देणे. सायंकाळी शिवाजी पार्कभोवती हात मोकळे सोडून चालण्यानेही घड्याळ चांगले भरते.

अचूकता : चांगल्या प्रतीच्या यांत्रिक घड्याळात दिवसाला काही सेकंदांची चूक अपेक्षितच असते. स्विस प्रमाणपत्रासाठी ही मर्यादा सरासरीने दिवसास ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे अशी आहे. दिवसास १० सेकंदांची चूक ही सु. ०.०१२ टक्के इतकीच असली, तरी महिन्यात ती ५ मिनिटांवर जाते. दादरसारख्या स्थानकावर तेवढ्यात ठरलेली लोकल निघून जाते. म्हणून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून घेणे इष्ट ठरते. रात्री ते उताणे ठेवले की आडवे, यानेही गतीत थोडा फरक पडतो. त्याचा उपयोग करून दिवसाची चूक काही अंशी भरून काढता येते. दिनांक दाखविणाऱ्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात दिनांक बदलू नये. त्या वेळी दिनांकाची चाके एकमेकांत गुंतलेली असतात व त्यांचे दाते मोडण्याचा संभव असतो.

पाणी व दमटपणा : मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीने सु. २,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो. हिंदमातासारख्या सखल भागात गुडघाभर पाणी साचते. कवचावर लिहिलेला १०० मी. हा आकडा स्थिर पाण्याच्या दाबाची कसोटी दर्शवितो आणि तो नव्या घड्याळापुरता खरा असतो. चावी, काच व मागील झाकण यांच्या सांध्यांतील रबरी कडी घाम, उष्णता व काळ यांमुळे कडक होतात. मग साध्या सरीनेही पाणी आत शिरते. झाकण उघडून जुनीच कडी परत बसविणे हे घड्याळ बिघडण्याचे एक नेहमीचे कारण होय. उकाड्यातून वातानुकूलित डब्यात शिरल्यावर काचेच्या आतून धुके धरले व ते टिकून राहिले, तर आत ओल गेली आहे असे समजावे आणि घड्याळ त्वरित उघडून घ्यावे. विलंबाने पोलादी भाग गंजतात. गिरगाव चौपाटीवर गणेशविसर्जनाच्या वेळी वा पोहताना खारे पाणी लागल्यास चावी घट्ट असल्याची खात्री करून घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. चामडी पट्टा घामाने कुजतो. पावसाळ्यात रबरी, नायलॉनचा वा पोलादी पट्टा सोयीचा असतो.

धक्के व चुंबकत्व : धक्काशोषक घड्याळाची कसोटी सु. १ मी. उंचीवरून कठीण पृष्ठावर पडण्याइतक्या आघातास ते टिकते की नाही, यावर घेतली जाते. गाडीच्या दारावर आपटणे यात सामान्यतः निभावते. परंतु मल्लखांब, दहीहंडी किंवा घणाचे काम करताना ते उतरवून ठेवणेच योग्य. ध्वनिक्षेपक, चुंबकी कडीची पिशवी वा प्रवर्तन शेगडी यांच्या सान्निध्याने बारीक कमान चुंबकित होते व घड्याळ एकाएकी बरेच पुढे जाऊ लागते. हा दोष विचुंबकनाने काही क्षणांत नाहीसा होतो. परळच्या रुग्णालयांतील चुंबकीय अनुस्पंदन चित्रण कक्षात घड्याळ मुळीच नेऊ नये.

देखभाल : आतील तेल काही वर्षांनी सुकते. म्हणून सु. पाच वर्षांनी घड्याळ सुटे करून साफ करणे, तेल देणे व रबरी कडी बदलणे आवश्यक असते. पोहणाऱ्यांनी जलरोधकतेची चाचणी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी. सामान्य क्वॉर्ट्झ घड्याळाची चूक महिन्यास सु. १५ सेकंद इतकीच असते, त्याची किंमत कमी असते व त्याला देखभालही थोडी लागते. अचूकतेच्या दृष्टीने स्वयंचलित घड्याळ त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही. मात्र त्याचा प्रत्येक भाग सुटा करून दुरुस्त करता येतो. सुटे भाग व जाणकार घड्याळजी उपलब्ध असेपर्यंत ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत्या स्थितीत जाऊ शकते. उत्पादन थांबलेल्या घड्याळांसाठी हे भाग बहुधा त्याच जातीच्या जुन्या घड्याळांतून काढावे लागतात.