दारातले डबे आणि रक्तवाढीची भाजी
माघ पौर्णिमा सरली की ऊन चढू लागते. दारातले तेलाचे डबे, फुटक्या बादल्या आताच हाती घ्या. एप्रिलमध्ये पाण्याचीच मारामार असते.

जुनी माती उकरून दोन दिवस उन्हात टाका, शेणखत मिसळा. डब्याला खाली भोके हवीतच. रंगाच्या किंवा फवारणीच्या औषधाच्या डब्यात भाजी लावू नका. घरातलेच मेथीदाणे पेरा, महिनाभरात जुडी निघते. तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पालेभाजीतले लोह अंगी लागण्यासाठी वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको. आशाताईने दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र भाजी खातो म्हणून सोडू नका.

आणि डब्याखालची ताटली! डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. पाणी नुसते ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एकदा ताटली घासणीने घासा, पाण्याचे पिंपही.