घोडीतील गर्भाशयदाहाचे निदान

माधवनगर-सांगली परिसरात टांग्यांचा काळ सरला असला, तरी घोडागाडीच्या शर्यतींची हौस या भागात टिकून आहे. मेंढपाळांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी तट्टेही माळावर दिसतात. अशा पशुपालकांची नेहमीची तक्रार एकच असते : घोडी माजावर येते, घोडा दाखविला जातो, परंतु ती उलटते. गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा आणि माजाचा हंगाम ठरावीक, त्यामुळे निदान लांबले की एक शिंगरू हातचे जाते.

घोडीत नराचे वीर्य थेट गर्भाशयात पडते. त्यामुळे संयोगानंतर गर्भाशयास थोडी सूज येणे हा रोग नव्हे. निरोगी घोडी एक-दोन दिवसांत आतील द्रव व जंतू बाहेर टाकते. वयस्क, अनेक वेते झालेल्या घोडीचे गर्भाशय पुढे लोंबते, आकुंचन मंदावते आणि द्रव साचून राहतो. खरा गर्भाशयदाह येथून सुरू होतो.

तपासणीचा प्रारंभ घोडीच्या मागे उभे राहूनच व्हावा. निरणाची ठेवण उभी आहे की गुदद्वाराच्या बाजूला आत ओढली गेली आहे, ओठ घट्ट मिटतात की नाही, हे पाहावे. ठेवण बिघडली असल्यास हवा व शेण आत जाते. ही वाट टाक्यांनी अरुंद करण्याची कॅसलिक यांची शस्त्रक्रिया 1937 पासून रूढ आहे. शेपटीला चिकटलेला वाळका स्राव हीदेखील खूण होय. परंतु बाहेर स्राव नाही म्हणून दाह नाही, असे मानणे चुकीचे ठरते.

गुदाशयातून हात घालून करावयाची तपासणी पशुवैद्यकानेच करावी. गाईच्या मानाने घोडीचा गुदाशय लवकर फाटतो व ती इजा जिवावर बेतू शकते. गाईंना कृत्रिम रेतन करणाऱ्याकडून ‘जरा बघून’ घेणे म्हणूनच टाळावे. सोनोग्राफीत साचलेला द्रव काळा दिसतो; त्यात पांढुरके कण असल्यास पुवाचा संशय बळावतो. याच वेळी घोडी गाभण नाही, याची खात्री करून घ्यावी. पुढील तपासण्यांनी गर्भ दगावू शकतो.

खरा निवाडा नमुन्यावर होतो. माजाच्या सुरुवातीस गर्भाशयाचे मुख सैल असते, तेव्हा दुहेरी आवरणाच्या बोळ्याने आतील नमुना घेतात. प्रतिजैविक देण्यापूर्वीच तो घ्यावा. एका भागावर जंतू वाढवून स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास किंवा बुरशी ओळखतात. दुसरा काचपट्टीवर रंगवून पांढऱ्या पेशी शोधतात. दोन्ही अहवाल एकत्र वाचणे आवश्यक असते. जंतू वाढले, पण पेशी नाहीत, तर नमुना बाहेरून दूषित झाला असण्याची शक्यता अधिक. पेशी आहेत, पण जंतू नाहीत, तर ते घड्यांत दडलेले असू शकतात. अशा वेळी गर्भाशय थोड्या द्रवाने धुऊन तो द्रव तपासतात. केवळ अंदाजाने औषधे सोडत राहिल्यास बुरशी माजते, हे ध्यानात ठेवावे.

वारंवार उलटणाऱ्या घोडीच्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून पाहता येतो. केनी यांनी 1978 मध्ये त्यासाठी श्रेणी मांडल्या. तिसऱ्या श्रेणीतील घोडी शिंगरू पूर्ण दिवस वाढवून देण्याची आशा सुमारे दहा टक्केच उरते. तेव्हा खर्च थांबवावा की नाही, हे मालकास ठरविता येते.

सांगली-सातारकरांना शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. सांगली जिल्ह्याचेच सुपुत्र क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव त्यास दिलेले आहे.

व्यायल्यानंतरच्या दाहाची गोष्ट वेगळी. गाईची वार बारा तास पडली नाही तरी लोक थांबतात. घोडीत तीन तास ही मर्यादा आहे. वार ओढून काढू नये. पडलेली वार पसरून ती पूर्ण आहे का, हे पाहावे. विशेषतः शिंगाच्या टोकाचा तुकडा आत राहतो. त्यानंतर ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा खुरांत उष्णता जाणवल्यास त्याच दिवशी उपचार सुरू व्हावेत, कारण विष रक्तात भिनून घोडी कायमची लंगडी होऊ शकते.