‘शाळा’ : कादंबरीतील पहिले प्रेम आणि त्याचे चित्रपटीय माध्यमांतर

साहित्यकृतीच्या माध्यमांतराची चर्चा बहुधा कथानक कितपत टिकले या प्रश्नाभोवती फिरते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीच्या संदर्भात हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण सुजय डहाके दिग्दर्शित ‘शाळा’ चित्रपटात मूळ कथानकाचा सांगाडा बऱ्याच अंशी कायम आहे. या चित्रपटाला २०११ या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसेच अविनाश देशपांडे निगडी यांना आधारित पटकथेचा. बदल झाला आहे तो निराळ्याच ठिकाणी : कोणाला काय कळते आणि केव्हा कळते, या व्यवस्थेत.

कादंबरी नववीतल्या मुकुंद जोशीच्या प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडते. शिरोडकर या मुलीविषयी वाचकाला जे समजते ते मुकुंदच्या नजरेतून, त्याच्या तर्कांतून आणि त्याच्या अर्धवट समजुतींतून. ती आडनावानेच ओळखली जाते, हा तपशील किरकोळ नाही. त्या काळातील मुलामुलींमधले अंतर त्या एका संबोधनात सामावले आहे. जवळीक वाटत असूनही नाव उच्चारण्याची मुभा नाही. तिने पाहिले ते आपल्याकडेच का, हसली ती कशासाठी, याचा निर्वाळा वाचकालाही मिळत नाही. पहिल्या प्रेमाचा गाभा या अनिश्चिततेतच आहे, आणि बोकील ती ‘लाइन’सारख्या शाळकरी शब्दांच्या, मित्रांच्या चेष्टामस्करीच्या आणि स्वतःशी चाललेल्या संवादाच्या साहाय्याने दीर्घकाळ तोलून धरतात. अर्धवट बांधलेल्या इमारतीतील मित्रांचा अड्डा हा या दृष्टीने कादंबरीचा दुसरा वर्गच होय. तेथे सुऱ्या, चित्रे आणि फावड्या प्रत्येक खुणेचा अर्थ लावतात व बहुतेक वेळा चुकतात.

चित्रपटात कॅमेऱ्याला चेहरा दाखवावाच लागतो. केतकी माटेगावकर यांच्या शिरोडकरची नजर पडद्यावर आली, की मुकुंदला (अंशुमन जोशी) जे अजून उमगलेले नाही ते प्रेक्षकाला उमगते. येथे माध्यमाचा लाभही आहे. कादंबरीत निवेदकाच्या कल्पनेआड राहणारी मुलगी स्वतंत्र व्यक्ती म्हणून समोर उभी राहते. मात्र प्रेक्षक मुकुंदच्या पुढे गेल्यामुळे त्याच्या घालमेलीत सहभागी न होता तिच्याकडे कौतुकाने पाहू लागतो. चित्रपटात जाणवणारी स्मरणरंजनाची छटा बहुधा येथून आली असावी. शिवाय सुमारे तीनशे पानांचा वर्षभराचा संथ काळ दोन तासांच्या आत आणताना वाट पाहण्याचा कंटाळा गाळावा लागतो, आणि तो कंटाळाच कादंबरीत प्रेमाची तीव्रता वाढवतो.

आणीबाणीच्या (१९७५-७७) पार्श्वभूमीचा प्रश्नही याला जोडूनच आहे. कादंबरीत ती मोठ्यांच्या बोलण्यातून, अर्धवट कळलेल्या गोष्टींतून झिरपते. शाळेत काय बोलू नये आणि देशात काय बोलू नये, ही दोन्ही मौने मुकुंदच्या मनात शेजारी वावरतात. त्यांचे नाते मात्र त्याला जुळवता येत नाही. दृश्यमाध्यमात मौन दाखवायचे तर त्यालाही काही खूण लागते, आणि खूण दिली की ते अर्धे बोललेलेच असते.

याच कादंबरीवर ‘हमने जीना सीख लिया’ (२००७) हा हिंदी चित्रपटही निघाला होता. मूळ मराठी भाषेचा पोत सुटल्यावर काय उरते, हे पाहण्यापुरताच त्याचा येथे उपयोग.

अध्यापनाच्या दृष्टीने अडचण अशी, की आज अनेक विद्यार्थी चित्रपट पाहून कादंबरीकडे वळतात. शिरोडकरचा चेहरा त्यांच्या मनात आधीच ठरलेला असतो आणि मुकुंदची शंका त्यांना भाबडी वाटते. अशा वेळी वर्गात चित्रपटाची चर्चा पुढे ढकलून, मुकुंद तिच्या वागण्याचा अर्थ लावत बसतो ती पाने प्रथम वाचून घ्यावीत आणि त्या मजकुरात तिच्याविषयी प्रत्यक्षात किती थोडे सांगितले आहे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.