आखाताची वाट आणि सुटकेचा प्रश्न

गावकीच्या जाचातून सुटायचे तर गाव सोडावे लागते, हे दलित समाजाला कोणी शिकवावे लागले नाही. महार वतनाने माणूस गावाला बांधला होता. बलुते आणि इनामाच्या तुकड्यापायी पिढ्यान्‌पिढ्या राबण्याची सक्ती होती. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ साली. तोवर कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत शिरली होती. आज वस्तीतला तरुण दुबई, दोहा, रियाधचे नाव काढतो, तेव्हा तो त्याच वाटेने पुढे जात असतो. त्याला अडवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या कसोटीवर आपण वतन नाकारले, तीच कसोटी या नोकरीलाही लावली पाहिजे : काम नकोसे झाले, तर ते सोडून निघता येईल काय?

पहिली गाठ कर्जाची असते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांप्रमाणे परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट मागणी होते. समजा, एक लाख रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने काढले. महिन्याला तीन हजार व्याज झाले. दोन वर्षांच्या करारात ७२,००० रुपये व्याजातच गेले आणि मुद्दल तसेच उरले. असा माणूस मार खाऊनही काम सोडू शकत नाही. कर्जापोटी काम बदलण्याचे स्वातंत्र्य गमावणे, यालाच आपल्या १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी म्हटले आहे. म्हणून विचारावे : कर्ज किती, कोणाचे, आणि सहा महिन्यांत परतावे लागले तर ते फेडणार कोण?

दुसरा प्रश्न कागदाचा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा व्यक्तीला आखाती देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ‘ईसीआर’ पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालील स्त्रीला ती मिळत नाही. “भेटीच्या व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून घेऊ,” असे म्हणणारा एजंट या साऱ्या संरक्षणाबाहेर माणसाला नेत असतो. एजंटाचा परवाना सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतो. मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमाही सक्तीचा असतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर, अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख. जो एजंट लाखभर रुपये घेतो आणि ही पावती देत नाही, त्याची नियत तिथेच कळते.

करारात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगळे पाहावे. संयुक्त अरब अमिरातीत नोकरीअखेरची रक्कम मूळ पगारावर ठरते. कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचे तिकीट, हे सारे लिहिलेले हवे. वाद झाल्यास तिथे अरबी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणून समजल्याशिवाय सही नको, आणि कराराची एक प्रत घरी ठेवावी.

तिसरा प्रश्न मालकाच्या हातातील सत्तेचा. ‘कफाला’ पद्धतीत कामगाराचा वास्तव्य परवाना मालकाशी बांधलेला असतो. कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये काही अटींवर तशी सवलत दिली, पण घरकामगारांना त्यातून वगळले. घरकामाला जाणाऱ्या आपल्या बहिणींनी हे आधी माहीत करून घ्यावे. पासपोर्ट कोणाजवळ राहणार, हेही आधीच विचारावे.

आणि जात? ती समुद्र ओलांडते. अमेरिकेतील सिॲटल शहराला २०२३ साली जातिभेदाला बंदी करणारा कायदा करावा लागला, यातच सारे आले. ओळखीपाळखीने मिळालेल्या नोकरीत मुकादम आपल्याकडचा असतो, खोलीतले सोबतीही आपल्याकडचेच असतात. आडनाव तिथेही विचारले जाते.

हे प्रश्न जाणाऱ्याला घाबरवण्यासाठी नाहीत. गाव सोडणाऱ्या आपल्या आधीच्या पिढीला ते विचारणारे कोणी नव्हते. आज वस्तीत शिकलेली माणसे आहेत. शिक्षकाने करार वाचून समजावून सांगावा, विद्यार्थ्याने एजंटाचा परवाना तपासून द्यावा, कार्यकर्त्याने कर्जाचा हिशेब घरच्यांसमोर मांडावा. तासाभराचे काम आहे. जाणाऱ्याने अवश्य जावे. फक्त परतीची वाट स्वतःच्या हातात ठेवून जावे.