मागे बसणाऱ्याची गाडी

२०२५च्या सप्टेंबरात मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला, सरसकट ४० टक्के जीएसटी उरला आणि शोरूमच्या दारात काय झालं ते सगळ्यांनी वाचलं आहेच. त्या बातमीचं शेपूट मात्र फारसं कोणी धरलं नाही. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आणखी उतरतो. सात-आठ वर्षं चाललेली ई-क्लास, फाइव्ह सीरीज किंवा ए-सिक्ससारखी जर्मन सेडान घेणं मग नोकरदारालाही शक्य वाटू लागतं. दुसरा किंवा तिसरा मालक होऊन तो गाडी घरी आणतो, पेढे वाटतो, आणि महिन्याभरात त्याच्या लक्षात येतं की गाडी गतिरोधकावर आदळते, वळणावर झुलते आणि डाव्या बाजूने खडखडते. मग गॅरेजवाल्याला प्रश्न जातो, ‘सस्पेन्शन अपग्रेड करून टाकूया का?’

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. तेव्हा रस्ते कसे आहेत, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. या रस्त्यांवर जर्मन सेडान नीट कशी चालवायची आणि मागे बसणाऱ्याची कंबर कशी वाचवायची, एवढाच प्रश्न उरतो. ‘अपग्रेड’ या नावाखाली बाजारात जे विकलं जातं, त्यातलं बरंच या प्रश्नाचं उत्तर नाही, असं माझं मत आहे. बहुतेक वेळा तिथे कडकपणा विकला जातो. आखूड, कडक स्प्रिंग, खाली बसलेली गाडी, मोठी रिम. फोटोत झकास दिसतं. चालवणारा म्हणतो, ‘काय पकडून चालते!’ मागच्या सीटवरचे वडील काही बोलत नाहीत, फक्त पुढच्या वेळी रेल्वेने येतो म्हणतात.

इथे मला मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनियरबद्दल सांगायचं आहे. थोडी जास्त जागा घेऊन सांगणार आहे, कारण गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी त्याच्यावर अन्याय केला आहे. ऑली मूळचा रोल्स-रॉइसचा माणूस. १९२०च्या दशकात कंपनीपुढे एक लाजिरवाणं कोडं होतं. ब्रिटन-फ्रान्सच्या रस्त्यांवर मखमलीसारखी चालणारी गाडी परदेशी पाठवली की गिऱ्हाईक तक्रार करायचं, अगदी अमेरिकेतल्या सुधारलेल्या रस्त्यांवरही. तिथले रस्ते वाईट होते म्हणावं तर तसंही नव्हतं. त्यांच्या लाटा वेगळ्या होत्या, इतकंच. चढउतारांची लांबी आणि ठेका बदलला की तीच स्प्रिंग, तीच गाडी आणि तेच वजन वेगळं वागतं. पुण्यात किंवा नागपुरात जर्मन गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. तुमच्या गाडीची जुळणी दुसऱ्या कोणाच्या तरी रस्त्यासाठी झालेली असू शकते.

१९३० साली ऑली जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकमध्ये गेला. तिथे त्याने सात माणसांची एक लिमोझिन घेतली आणि तिच्यावर सरकवता येतील अशी वजनं बसवली. पुढची स्प्रिंग मऊ कर, मागची कडक कर, वजन टोकाला ने, मध्ये आण, असे खेळ त्याने केले. मोजायला यंत्र नव्हतं, आत बसलेल्या माणसांचं अंग हेच यंत्र. त्या काळच्या गाड्यांमध्ये पुढची स्प्रिंग कडक आणि मागची मऊ असायची. ऑलीच्या लक्षात आलं की ते नेमकं उलटं हवं.

का, ते बघा. सध्या भारतात विकल्या जाणाऱ्या लांब ई-क्लासच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे ३.१ मीटर अंतर आहे. ताशी ६० किलोमीटरने जाताना उंचवट्यावर आधी पुढचं चाक चढतं, मागचं साधारण ०.१९ सेकंदाने. म्हणजे पुढच्या टोकाचं खाली-वर हलणं आधीच सुरू झालेलं असतं. मागची स्प्रिंग मऊ असेल तर मागचं टोक रेंगाळतं, पुढचं वर जाताना मागचं खाली येतं आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलते. मागची स्प्रिंग थोडी कडक ठेवली तर मागचं टोक उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठतं, एक-दोन हेलकाव्यांत दोन्ही टोकं एकत्र वर-खाली होतात. नुसतं वर-खाली होणं माणसाला चालतं. डुलण्याने मात्र मान दुखते आणि मळमळतं. १९३४ मध्ये कॅडिलॅकसह जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढच्या चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, आणि पुढची स्प्रिंग मऊ ठेवणं खऱ्या अर्थाने शक्य झालं.

आता आपल्या मालकाने बाजारातून आणलेल्या, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांकडे वळू. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की हेलकाव्यांचा ठेका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा जास्त कडक झाली, तर ऑलीने वजनं सरकवून साधलेला तोल पहिल्याच दिवशी गेला. वर गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली आली की स्प्रिंगला दबायला जागाही तेवढी कमी उरते, आणि खड्ड्यात शॉकअप थेट रबरी स्टॉपवर आपटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा. आपल्या सोसायटीच्या फाटकासमोर रात्रीतून उगवलेला डांबराचा ढीग या मापात बसतो का, ते एकदा टेप लावून पाहा. लांब व्हीलबेसच्या गाडीचं पोट तिथेच घासतं.

भारतीय घराचा आणखी एक मुद्दा आहे. जर्मनीत अशी गाडी बहुधा एकटा माणूस चालवतो. इकडे चालक पुढे, तीन माणसं मागे आणि डिकीत कोल्हापूरहून आणलेला गूळ. मागे वजन वाढलं की मागचा ठेका मंदावतो, गाडी मागून बसते आणि तोल पुन्हा बिघडतो. मागच्या बाजूला एअर सस्पेन्शन देण्यामागचं मुख्य कारण हेच. वजन कितीही टाका, गाडीची उंची आणि ठेका फारसा बदलत नाही. नवश्रीमंतीचा दिखावा म्हणून त्याला हसणाऱ्यांनी एकदा मागे बसून पाहावं.

तर करायचं काय? गाडी लिफ्टवर घ्या आणि रबर बघा. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट, शॉकअपच्या डोक्यावरचे टॉप माउंट. जुन्या गाडीची निम्मीअधिक खडखड इथे असते. बुश सैल झाला की ब्रेक लावताना चाक किंचित मागे सरकतं, वळणावर दिशा बदलतं, आणि मालकाला वाटतं गाडीला ‘हँडलिंग’ नाही. हे सगळं कंपनीच्या मापाने नवं घातलं की अनेकांचा अपग्रेडचा हट्ट आपोआप विरतो. गॅरेजवाल्याला यात फार पैसे सुटत नाहीत, म्हणून तो आधी हे सुचवेलच असं नाही.

दुसरी गोष्ट टायर. माझा सगळ्यात आवडता सल्ला हाच, आणि ऐकतं कोणी नाही. २०१० सालच्या पिढीची फाइव्ह सीरीज घ्या. १७ इंची रिमवर २२५/५५चा टायर आला तर रबराच्या भिंतीची उंची सुमारे १२४ मिलिमीटर. १९ इंची रिमवर २४५/४०चा टायर आला तर ती ९८ मिलिमीटर. चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तोच. म्हणजे हौसेपोटी रिम मोठी केली तेव्हा खड्डा गिळणारं २६ मिलिमीटर रबर तुम्ही फेकून दिलं, आणि मग ते परत मिळवायला महागडे शॉकअप शोधत निघालात. त्यात टायर रन-फ्लॅट असेल तर त्याच्या भिंती मुळातच जाड आणि कडक. हवा गेल्यावर ताशी ८० किलोमीटरने साधारण ८० किलोमीटर जाता येतं हे खरं, पण उरलेले सगळे दिवस ती किंमत कंबर भरत असते. साधे टायर घातलेत तर स्टेपनी किंवा निदान पंक्चर किट डिकीत हवं.

शॉकअप बदलायचेच असतील तर एक गोष्ट समजून घ्या. स्प्रिंग वजन पेलते. शॉकअप हेलकावे थांबवतो. वळणावर गाडी झुकते किंवा ब्रेकवर नाक खाली जातं तेव्हा आतला दांडा हळू सरकतो. खड्ड्यात तोच दांडा झटक्याने आत जातो. चांगला शॉकअप हळू हालचालीला ताठ राहतो आणि झटक्याला वाट देतो. पकड आणि आराम यांची भांडणं लावणाऱ्यांना हे कळलेलं नसतं. चांगल्या व्हाल्वमध्ये दोन्ही बऱ्यापैकी नांदतात. स्वस्त ‘स्पोर्ट’ माल दोन्हीकडे ताठ असतो.

बिलस्टाइन ही जर्मन कंपनी १९५७ पासून मर्सिडीजसाठी एकनळी, गॅसभरले शॉकअप बनवत आली आहे. तिच्या डब्यांवरची अक्षरं वाचता आली तरी फसवणूक कमी होईल. बी-फोर म्हणजे मूळ मालाला पर्याय. बी-सिक्स अधिक ताठ, पण कंपनीच्याच स्प्रिंगवर बसणारा. बी-एट खाली बसवलेल्या गाडीसाठी, आणि बी-ट्वेल्व्ह म्हणजे आखूड स्प्रिंगांसकट पूर्ण संच. महाराष्ट्रात राहणाऱ्याने शेवटचे दोन विसरावेत. स्वतः चालवून द्रुतगती मार्गावर नेहमी ये-जा करणाऱ्याला बी-सिक्स आवडेल. चालक ठेवणाऱ्याने बी-फोर घ्यावा. नेदरलँड्सच्या कोनी कंपनीच्या काही शॉकअपमध्ये झटक्यांची वारंवारता ओळखून जास्तीची वाट उघडणारा व्हाल्व असतो. खरबरीत काँक्रीटवर तो विशेष उपयोगी, असं माझं मत. मात्र तुमच्या गाडीत बटणाने मऊ-कडक होणारे इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील तर साधे बसवल्यावर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागेल, आणि पैसे वाया.

जाड अँटी-रोल बार लावून झुकणं कमी करायचा सल्लाही मिळतो. तो दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा. दोन्ही चाकं एकदम चढली तर तो गप्प बसतो, म्हणून गतिरोधकावर त्रास नाही. आपले खड्डे मात्र एका चाकाचे असतात. एका बाजूचा धक्का तो दुसऱ्या बाजूला पोचवतो आणि डोकी डावी-उजवीकडे हलतात. घाटात रोज जाणाऱ्याने विचार करावा, इतरांनी नाही.

एअर सस्पेन्शनवाल्यांसाठी वेगळा इशारा. मर्सिडीजने १९९८च्या एस-क्लासमध्ये एअरमॅटिक आणलं, तेव्हापासून त्याच्या जुनेपणाची कहाणी ठरलेली आहे. रबरी बलूनला बारीक चिरा पडतात, हवा गळते, ती भरायला कॉम्प्रेसर सतत धावतो आणि शेवटी जळतो. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की त्याच आठवड्यात बलून बघा, कॉम्प्रेसर वाचेल. बलून काढून साध्या स्प्रिंग घालणं स्वस्त पडतं, पण मग ती एस-क्लास कशाला घेतली होती?

अपग्रेडचं टोक कुठवर जाऊ शकतं, हे अमर बोस यांनी दाखवलं. हो, स्पीकरवाले बोस. वडील ननी गोपाल बोस बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटून अमेरिकेत गेलेले. मुलाने १९८०च्या सुमारास सस्पेन्शनवर काम सुरू केलं आणि २००४ मध्ये ते जगाला दाखवलं. लेक्सस एलएस ४०० गाडी, प्रत्येक चाकाशी स्प्रिंग-शॉकअपऐवजी विद्युत मोटर. गाडी उंचवट्यांवरून सपाट गेली, आडव्या दांड्यावरून तर चक्क उडी मारून गेली. पण ती यंत्रणा जड आणि महाग, त्यामुळे गाडीत घालून विकायला कोणी धजावलं नाही. तिच्यातलं काही ज्ञान ट्रकचालकाच्या सीटमध्ये गेलं, आणि २०१७ मध्ये ते तंत्र क्लियरमोशन या कंपनीने घेतलं. त्या कंपनीची यंत्रणा, बोस यांच्या मोटरीपेक्षा वेगळ्या हायड्रॉलिक बांधणीची, आता निओ या चिनी कंपनीच्या ईटी-नाइन सेडानमध्ये आहे. आपल्या चाकणला मर्सिडीज जुळवल्या जातात. कारखान्यापर्यंतचा पुणे-नाशिक रस्ता पाहता ही यंत्रणा आधी तिथल्या कामगारांच्या बसला बसवायला हवी.

कायद्याकडेही लक्ष असू द्या. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीच्या मापाचा शॉकअप घालणं ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची बदलणं हा वेगळा प्रकार. नव्या गाड्यांत पुढचा रडार, कॅमेरा आणि दिव्यांचा कोन उंचीशी बांधलेला असतो, तोही चुकतो. आणि काहीही बदला, अलाइनमेंट त्याच दिवशी करा, नाहीतर टायर आतल्या बाजूने झिजतील आणि दोष नव्या शॉकअपला लागेल.

काम झाल्यावर गॅरेजवाला म्हणेल, ‘एक चक्कर मारून बघा साहेब.’ तेव्हा किल्ली त्याच्याच हातात द्या, तुम्ही मागे बसा, आणि नेहमीच्या गतिरोधकावरून नेहमीच्याच वेगाने गाडी घ्यायला सांगा. मान पुढे-मागे झाली तर बिल थांबवा.